कंपनीवर नजर ठेवायची, पण कोणाच्या पैशाने? गुहागर ते बारसू : परदेशी निधी, कंपन्यांची जबाबदारी आणि आपली भूमिका

रत्नागिरी जिल्ह्यात मोठा प्रकल्प यायचा म्हटला की दोन वाद ठरलेले असतात. पहिला म्हणजे प्रकल्प हवा की नको. दुसरा वाद आंदोलन सुरू झाल्यावर पुढे येतो आणि पहिल्याला गिळून टाकतो : "यांना पैसा कोण पुरवतो?" गुहागरला हा प्रश्न विचारला गेला, जैतापूरला विचारला गेला आणि बारसूलाही. विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा आंदोलकांना गप्प करण्याचा असतो, पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. कंपन्यांवर नजर ठेवणे हे खर्चाचे काम आहे. प्रवास, नकला, पाण्याची तपासणी, वकील, भाषांतर या प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. तो येतो कुठून, त्याच्याबरोबर काय येते आणि कायदा काय सांगतो, हे चळवळीतल्या तरुणांना नीट माहीत हवे. ती माहिती एका जागी मांडण्यासाठी हा लेख.

विषय नेमका काय आहे

एका देशातली कंपनी दुसऱ्या देशात जाऊन कारखाना, खाण किंवा वीजप्रकल्प उभारते. तिथे जमीन घेणे, कामगार नेमणे, पाणी वापरणे, पोलीस बंदोबस्त मागणे या सगळ्यात ती माणसांशी कशी वागते, याला कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणतात. ही जबाबदारी पाळली जावी म्हणून नागरी संघटना अहवाल काढतात, तक्रारी करतात, भागधारकांना आणि कर्ज देणाऱ्या बँकांना जाब विचारतात. या कामाला काही सरकारे, फाउंडेशन, चर्चशी संबंधित संस्था आणि सामान्य देणगीदार पैसा देतात.

इथे सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे "सीएसआर" म्हटले की शाळेला बाके, गावाला रुग्णवाहिका आणि समाजमंदिराला रंग एवढेच डोळ्यांसमोर येते. ते कंपनीने दिलेले दान. आम्ही बोलत आहोत ते कंपनीच्या वर्तनाबद्दल. रुग्णवाहिका देणारी कंपनी खाडीत सांडपाणी सोडत असेल, तर तिने दान केले, जबाबदारी पाळली नाही.

गुहागरचा धडा

या विषयातले जगभर अभ्यासले जाणारे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. अमेरिकेची एन्रॉन कंपनी, तिच्यासोबत जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, अशा तिघांनी मिळून दाभोळ पॉवर कंपनी स्थापन केली. जून १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशी वीजखरेदी करार झाला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे मत देऊन जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारले होते. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, नंतर नव्याने वाटाघाटी करून तो पुन्हा मान्य केला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की काही महिन्यांत दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला.

या हिशेबापलीकडे अंजनवेल, वेलदूर, रानवी परिसरातील माणसांनी काय सोसले, ते दोन अहवालांमुळे जगापुढे आले. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचा अहवाल १९९७ चा आणि ह्यूमन राइट्स वॉचचा १९९९ चा. जमावबंदीचे आदेश, कार्यकर्त्यांना तालुकाबंदी, शांततेने निदर्शने करणाऱ्यांवर लाठीमार, जून १९९७ मध्ये पहाटे वेलदूरच्या घरांत शिरून स्त्रियांना झालेली मारहाण आणि अटक, हे सगळे त्यांत नोंदलेले आहे. ह्यूमन राइट्स वॉचने त्यापुढचे पाऊल टाकले. ज्या पोलिसांकडून हे घडले त्यांच्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, म्हणून कंपनीही या हक्कभंगात सहभागी ठरते, असे त्या अहवालाने मांडले.

आता पैशाकडे पाहू. प्रकल्पाला अमेरिकी सरकारच्या दोन संस्थांचा आधार होता. एक्झिम बँकेने सुमारे ३० कोटी डॉलरचे आणि ओपिक या गुंतवणूक महामंडळाने १० कोटी डॉलरचे कर्ज दिले. ओपिकने राजकीय जोखमीचा विमाही उतरवला. १९९५ मध्ये एन्रॉनच्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले की, भारतात प्रकल्पाबाबत लोकांना "शिक्षित" करण्यावरच कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. वेलदूरच्या मच्छीमार स्त्रीला जामिनासाठी वकील मिळवतानाही मारामार होती. तराजूची दोन पारडी किती असमान होती हे यावरून कळते. नजर ठेवण्यासाठी निधी का लागतो, याचे उत्तरही त्यातच आहे.

हेही लक्षात ठेवावे की अ‍ॅम्नेस्टी आपल्या संशोधनासाठी आणि मोहिमांसाठी सरकारचा पैसा घेत नाही, आणि ह्यूमन राइट्स वॉच कोणत्याही सरकारचा पैसा घेत नाही. अमेरिकी सरकारने ज्या प्रकल्पाला कर्ज दिले त्या प्रकल्पाविरुद्ध न्यूयॉर्कमधली संस्था उघड बोलू शकली, याचे एक कारण हे आहे. त्याच वेळी अहवालाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. अहवालाने प्रकल्प थांबला नाही. तो थांबला विजेच्या दराने. शिवाय जुलै २००० मध्ये, म्हणजे अहवालानंतर दीड वर्षाने, एन्रॉनने ६४ पानांची आचारसंहिता छापली होती. कागदावरची नीती आणि प्रत्यक्ष वर्तन यांत किती अंतर असू शकते, याचा तो जगप्रसिद्ध नमुना ठरला.

पैसा कोणाकडून येतो आणि त्याच्यासोबत काय येते

पहिला स्रोत सरकारे. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा लोकशाही, मानवी हक्क व कामगार विभाग इतर देशांतील कामगार हक्क आणि कंपन्यांच्या जबाबदारीच्या प्रकल्पांना अनुदाने देत आला आहे. युरोपातील काही सरकारेही विकास निधीतून असे काम चालवतात. रक्कम मोठी असते, पण दाता देशाचे धोरण बदलले की ती आटते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने रोखली आणि जगभरच्या संस्थांचे पगार थांबले. यात आणखी एक अडचण आहे. एकच सरकार एका हाताने कंपनीला कर्ज देते आणि दुसऱ्या हाताने कंपनीवर नजर ठेवणाऱ्याला अनुदान. अशा वेळी नजर कुठपर्यंत जाऊ दिली जाईल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरा स्रोत खासगी फाउंडेशन आणि चर्चशी संबंधित विकाससंस्था. त्या सरकारपेक्षा मोकळ्या असतात, पण विषय त्या ठरवतात. एका वर्षी हवामान, पुढच्या वर्षी पुरवठा साखळी, त्यानंतर डिजिटल हक्क. गावाचा प्रश्न तोच राहतो आणि संस्थेचा अर्ज दरवर्षी नव्या भाषेत लिहावा लागतो.

तिसरा स्रोत सभासदांची वर्गणी आणि लहान देणग्या. रक्कम कमी, जमवायला कष्ट जास्त, पण जीभ मोकळी राहते. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींसाठी वेदांत कंपनीविरुद्ध ब्रिटनमध्ये तक्रार करणारी सर्व्हायव्हल इंटरनॅशनल ही संस्था सरकारी पैसा घेत नाही.

चौथा स्रोत खुद्द कंपन्या. कंपनीच्या पैशाने कंपनीचीच तपासणी करणाऱ्या सल्लागार संस्था आज हा मोठा धंदा झाला आहे. त्यांचे अहवाल वाचताना पहिल्या पानाआधी शेवटचे पान पाहावे, निधी कोणाचा ते तिथे लिहिलेले असते.

परदेशात दाद मागण्याच्या जागा

या निधीतून नेमके काय घडते? मुख्यतः कंपनीला तिच्या मायदेशात प्रश्न विचारले जातात. त्यासाठी काही जागा आहेत.

आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, हिने १९७६ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे केली. ती मानणाऱ्या प्रत्येक देशात तक्रार ऐकणारे एक राष्ट्रीय संपर्क केंद्र असते. भारत त्यांत नाही, पण कंपनी त्या देशांतली असेल तर भारतातल्या लोकांना तिथे तक्रार करता येते. त्यासाठी वकील असण्याची अट नाही. वेदांतविरुद्धची तक्रार डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या केंद्राकडे गेली आणि सप्टेंबर २००९ मध्ये केंद्राने कंपनीवर ठपका ठेवला. पुढे एप्रिल २०१३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. ओडिशातीलच पोस्को प्रकल्पाबाबत २०१२ मध्ये कोरिया, नेदरलँड्स आणि नॉर्वे या तीन देशांत एकाच वेळी तक्रारी झाल्या. कारण पोस्कोत पैसा गुंतवणारे निवृत्तिवेतन निधी तिथले होते.

या केंद्रांना शिक्षा करण्याचा अधिकार नाही, ही त्यांची मोठी उणीव आहे. म्हणून आता कायद्यांकडे लक्ष आहे. फ्रान्सने मार्च २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर "दक्षतेचे कर्तव्य" लादणारा कायदा केला. जैतापूरशी ज्या ईडीएफ कंपनीचे नाव जोडलेले आहे, तिच्याविरुद्ध मेक्सिकोतील आदिवासी समाज आणि त्यांच्या सोबतच्या संघटनांनी याच कायद्याखाली २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयात दावा लावला आणि जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो ऐकण्याजोगा ठरवला. माडबन-साखरीनाट्याच्या तरुणांनी ही बातमी वाचावी अशी आहे.

मात्र प्रत्येक कंपनीला असे दार नसते. नाणार आणि नंतर बारसू-सोलगाव येथे नियोजित रिफायनरीसाठी तीन भारतीय सार्वजनिक तेल कंपन्यांसोबत सौदी अरामको आणि अबूधाबीची अ‍ॅडनॉक यांचे २०१८ मध्ये करार झाले. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांपैकी कोणीही ओईसीडीची ही तत्त्वे स्वीकारलेली नाहीत. तिथे स्वतंत्र नागरी संघटनांना जागाही फारशी नाही. म्हणजे कंपनी कुठल्या देशाची, यावर आपल्याला दाद कुठे मागता येईल हे ठरते. अशा ठिकाणी कर्ज देणाऱ्या बँका, विमा कंपन्या आणि यंत्रसामग्री पुरवणारे कोणत्या देशांतले आहेत, ते शोधावे लागते.

आंबेडकर तत्त्वे : आपल्याला ठाऊक असायला हवा असा दस्तऐवज

१९७७ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय धर्मगुरू लिऑन सलिव्हन यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत धंदा करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांसाठी वर्तनाचे नियम मांडले. १९८४ मध्ये उत्तर आयर्लंडमधील धार्मिक भेदभावाविरुद्ध मॅकब्राइड तत्त्वे आली. याच वाटेने कोपनहेगनमध्ये कार्यालय असलेल्या इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्कने दक्षिण आशियात येणाऱ्या परदेशी गुंतवणूकदारांसाठी तत्त्वे तयार केली आणि त्यांना बाबासाहेबांचे नाव दिले : आंबेडकर तत्त्वे. नोकरभरतीत जातीय भेदभाव होतो हे कंपनीने मान्य करावे, तो रोखण्याचे धोरण जाहीर करावे, दलितांना प्रशिक्षण आणि बढतीची संधी द्यावी, किती दलित कोणत्या पदावर आहेत याचा आढावा घ्यावा, असा त्यांचा गाभा आहे. ती ऐच्छिक आहेत, सक्तीची नाहीत.

याच नेटवर्कने संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत सल्लागार दर्जासाठी अर्ज केला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधींनी फेरीमागून फेरी प्रश्न विचारून तो सुमारे पंधरा वर्षे लांबवला. दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२२ मध्ये. जात हा विषय देशाबाहेर नेण्याला सत्तेचा विरोध किती चिवट आहे, ते यातून दिसते.

कोकणात या तत्त्वांचे महत्त्व अधिक आहे. प्रकल्प आला की चर्चा जमिनीच्या मोबदल्यावर येऊन थांबते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला धनादेश. पण खोतीच्या काळापासून कसणारा एक आणि मालक दुसरा अशी इथली रचना. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, त्यामागे हेच वास्तव होते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण बौद्धवाडीतल्या किती कुटुंबांच्या नावावर आज किती गुंठे आहेत, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजून पाहावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत किमान तीन वर्षे तिथे उपजीविका करणारे भूमिहीन शेतमजूर, कुळे, कारागीर आणि मच्छीमारही घेतले आहेत. हे कलम गावात कोणी वाचून दाखवत नाही. परदेशी अहवालांतही "गावकरी" हा एकच शब्द येतो आणि त्या शब्दाखाली वाड्या झाकल्या जातात. गावात नजर ठेवणारे आपले लोक नसतील, तर निधी कितीही येवो, वाडीचा हिशेब कोणी मांडणार नाही.

भारतातील कायदा : काय चालते, काय चालत नाही

परदेशी अंशदान विनियमन कायदा २०१० आणि त्यातील सप्टेंबर २०२० ची दुरुस्ती प्रत्येक संस्थेने वाचायला हवी. त्यातील कामाचे मुद्दे असे :

गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी देणगी घेता येत नाही. नोंदणी पाच वर्षांसाठी असते.

पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावा लागतो.

एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणे २०२० पासून बंद आहे. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातील लहान संस्थेकडे येणारा ओघ यामुळे आटला. सर्वाधिक फटका आपल्यासारख्यांना बसला.

कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

उमेदवार, लोकप्रतिनिधी, लोकसेवक, राजकीय पक्ष, नोंदणीकृत वृत्तपत्राचे संपादक आणि वार्ताहर, तसेच दृकश्राव्य बातम्या देणाऱ्या संस्था यांना परदेशी निधी घेण्यास बंदी आहे. बातम्यांचे चॅनेल चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी याची खास नोंद घ्यावी.

भारतीय पासपोर्ट असलेल्या, पण परदेशात राहणाऱ्या माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्गे दिलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही. आखातात नोकरी करणारे आपले बांधव यात येतात. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र परदेशी ठरते, नाव कितीही मराठी असो.

"बंद, हरताळ केला म्हणजे संस्था राजकीय" असा नियम लावला जात होता. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इन्साफ या संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले की, सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या, सार्वजनिक प्रश्नासाठी सनदशीर विरोध करणाऱ्या संघटनेला केवळ त्या कारणाने परदेशी निधी नाकारता येणार नाही.

सीएसआरचे २ टक्के आणि त्यातला सापळा

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा पैसा घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे यांतून होतात. पण तीन गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. एक, ज्या कंपनीचा पैसा घेतला तिच्यावर आपण नजर ठेवतो असा दावा करू नये. दोन, दुसऱ्या कायद्याने बंधनकारक असलेले काम, म्हणजे पुनर्वसन किंवा प्रदूषण नियंत्रण, सीएसआरमध्ये दाखवणे नियमाला धरून नाही. कुठे तसे दाखवले असेल तर लेखी हरकत घ्यावी. तीन, रक्कम गावात कोणत्या वाडीवर खर्च झाली हे विचारावे.

आम्हाला काय वाटते

परदेशी गुंतवणुकीसाठी पायघड्या आणि परदेशी देणगीसाठी चौकशी, हा दुटप्पीपणा आहे. हजारो कोटींच्या गुंतवणुकीला परदेशी म्हणून संशयाने पाहिले जात नाही आणि पाण्याच्या तपासणीसाठी आलेले दोन लाख रुपये मात्र देशविरोधी ठरतात. तरीही परदेशी निधी हाच चळवळीचा कणा असावा, असे आम्ही म्हणणार नाही. अनुदानावर उभी राहिलेली संघटना अनुदान संपले की बसते, आणि अहवाल इंग्रजीत राहून जातो.

बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केले तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. मदत घेणे कमीपणाचे नव्हते. पत्राची भूमिका मात्र बाबासाहेबांचीच होती. मदत आणि मालकी यांतला हा फरक आपली कसोटी असावी. निधी देणाऱ्याने अहवालातले एक वाक्य बदलायला सांगितले, तर आपण पैसे परत करू शकतो का? उत्तर "हो" असेल तर निधी घ्यावा.

शिवाय बरेच काम अगदी थोड्या पैशात होते. पर्यावरणीय जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळावा लागतो. तो मागावा, वाडीत मोठ्याने वाचावा आणि हरकती लेखी द्याव्यात. माहिती अधिकारात बंदोबस्ताचा खर्च कोणी केला ते विचारावे, गुहागरचा सर्वात मोलाचा पुरावा याच प्रश्नाभोवती होता. शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून कामगार, मानवी हक्क आणि तक्रारींची माहिती देणारा जबाबदारी अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो. तो मोफत मिळतो. वाडीतील प्रत्येक कुटुंबाची जमीन, कूळहक्क, मजुरी आणि मासेमारी यांची नोंदवही प्रकल्पाची घोषणा होण्याआधीच तयार ठेवावी. उद्या पॅरिसला तक्रार करायची असो की रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुरावा म्हणून हीच वही लागणार आहे. तिचा खर्च चार वह्या, दोन पेन आणि काही रविवार एवढाच आहे.

शिकलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या गावापुरती ही एक वही करावी, अशी आमची विनंती आहे.

जय भीम.